पुंडलिकालाही शिकावंच लागलं

बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात सप्ताहाचं कीर्तन चाललं होतं. बुवा म्हणाले, "आता म्हणे आजारी आईबापाची सेवा कशी करायची, त्याचंही ट्रेनिंग निघालंय. पुंडलिकाला कुणी सर्टिफिकेट दिलं होतं?" मंडप हसला. मीही हसलो असतो, पण मला चुंबळ आठवली.

वडिलांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा डावी बाजू लुळी पडली. आठ दिवसांनी दवाखान्यातून सुट्टी मिळाली. कागदावर गोळ्यांची नावं होती आणि दहा दिवसांनी दाखवायला या, एवढंच. घरी आल्यावर आईला मायेपोटी जे सुचलं ते सगळं तिने केलं. माकडहाडापाशी कातडी लाल दिसायला लागली, तर खोबरेल घेऊन ती जागा रगडली. मग डोक्यावर हंड्याखाली घेतात तशी जुन्या लुगड्याची चुंबळ वळून कमरेखाली सारली, दुखरी जागा अधांतरी राहावी म्हणून. कुणालाही पटेल अशी युक्ती. पण लाल झालेल्या कातडीखाली इजा आधीच सुरू झालेली असते, रगडल्याने ती वाढते. आणि चुंबळीने भार हटत नाही, तो तिच्या कडेवर एकवटतो आणि मधल्या जागेचं रक्त अडतं. पंधरा दिवसांत बोट जाईल एवढी जखम झाली. पुढे ड्रेसिंगला आलेल्या एका नर्सने चुंबळ काढून कोपऱ्यात टाकली. अंगाखालची चादर धरून माणूस कुशीवर कसा घ्यायचा, लुळा हात धरून का ओढायचं नाही, पाणी निजवून नव्हे तर बसवून का पाजायचं, हे सगळं तिने आईला करून दाखवलं. दर दोन तासांनी कूस बदला, म्हणाली. दहा मिनिटं लागली असतील.

मायेची कमतरता नव्हती. दहा मिनिटं कमी पडली होती.

आता बुवांच्या पुंडलिकाकडे येऊ. त्यांनी कथा अर्धीच सांगितली. सुरुवातीचा पुंडलिक आईबापांना छळणाराच आहे. काशीच्या वाटेवर तो कुक्कुटस्वामींच्या आश्रमात उतरतो. ते कधी काशीला गेलेलेच नाहीत, तरी गंगा-यमुना रोज त्यांच्या दारी राबायला येतात, आणि हे बळ त्यांना आईबापांच्या सेवेतून आलंय हे त्याला तिथे कळतं. मग तो बदलतो. म्हणजे विटेवर देव थांबला तो शिकून आलेल्या पुंडलिकासाठी. सर्टिफिकेट नव्हतं हे खरं, पण आश्रम होता.

दुसरा आक्षेप गावोगाव ऐकू येतो: पूर्वी एकत्र कुटुंब होतं, तेव्हा कुठे असली थेरं लागत होती? इतरत्र काय असेल ते असो, बीडमध्ये हे म्हणणाऱ्याने दिवाळीनंतर एखाद्या वस्तीवर जाऊन यावं. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, घरात उरतात म्हातारी माणसं आणि लेकरं. कुटुंब एकत्रच असतं, फक्त निम्मं सांगली-कोल्हापूरच्या फडात असतं. इथला हिशोबही वेगळा. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. सासूच्या अंगावरून वारं गेलं म्हणून सून मागे राहिली तर कोयता अर्धा, उचलही अर्धी, आणि आधीच घेतलेली असेल तर मुकादम दारात. म्हणून सून जाते. मग ज्या सासऱ्याने उभ्या जन्मात चुलीपुढे बसून भाकरी थापली नाही, तो सत्तरीत बायकोचं हागणंमुतणं काढायला शिकतो. कुणी शिकवत नाही, म्हणून चुकत चुकत शिकतो. त्या चुका तिच्या पाठीवर उमटतात.

आणि फडात गेलेली सून? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्या शस्त्रक्रिया का झाल्या यावर बरंच बोललं गेलं, ते योग्यच होतं. पण घरी आल्यावर त्या बाईकडे कोण बघत होतं, हे फारसं कुणी विचारलं नाही. जिने सगळ्यांकडे बघायचं ती बाईच आजारी पडू शकते, ही कल्पनाच आपल्या डोक्यात बसत नाही. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरच्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१ टक्के. त्यातही बायकांची दिवसाची सरासरी १४० मिनिटं, पुरुषांची ७४.

तिसरा आक्षेप शिकलेल्यांचा, म्हणून जास्त घातक: अडाणी माणसांना हे नाजूक काम कसं जमणार? याचं उत्तर गडचिरोलीने देऊन झालंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. आज आशा ताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी फेऱ्या मारते, ती पद्धत तिथूनच आली. बाळाला इंजेक्शन देऊ शकणारी बाई आजोबांना कुशीवर वळवू शकणार नाही, असं म्हणायला धाडस लागतं.

राहिला पैशाचा मुद्दा: पैसे घेतले की ती सेवा कसली, ती तर नोकरी. गावगाड्यात सुईण साडीचोळी आणि धान्य घेतच होती. म्हणून तिच्या हातात जन्मलेल्या कुणाला आपण मायेविना जन्मलो असं वाटलं नाही. शहरातल्या ब्यूरोकडून आजाऱ्याजवळ बारा तासांच्या ड्युटीला येणाऱ्या मावशीला आपण दोन्हीकडून मारतो. काम शिकवत नाही, मग 'हिला काही येत नाही' म्हणून पगार कापतो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. पण नेमकं हे काम काय आणि ते किती कौशल्याचं, हे ठरवल्याशिवाय मावशी धुण्याभांड्याच्या रांगेतच उभी राहणार.

एका आक्षेपापुढे मात्र मी थांबतो. एक कार्यकर्त्या बाई म्हणाल्या, "ट्रेनिंगच्या नावाखाली सरकार दवाखान्याचं काम सुनांच्या पदरात टाकील आणि मोकळं होईल." ही भीती खोटी नाही. नुसतं शिकवून सोडलं तर तसंच होईल. म्हणून शिकवण्याबरोबर आधारही मागायला हवा. केरळात २००८ मध्ये उपशामक सेवेचं धोरण आलं आणि पंचायतींच्या नर्स खाटेवरच्या रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. तिथे 'आश्वासकिरणम्' योजनेत काळजी घेणाऱ्यालाच महिना ६०० रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण काम मोजलं जातं. देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. कागद आहे, तो वापरायचा राहिलाय.

बीडमध्ये हे कुठून सुरू करायचं ते अवघड नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या नावातच 'ग्रामीण' आहे. तिथे आणि जिल्हा रुग्णालयात नातेवाइकाने माणूस वळवून दाखवल्याशिवाय सुट्टी देऊ नये. ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं काढली गेली, म्हणजे सहा महिने घर रिकामं असतं हे सरकारला मान्य आहे. मग तेच सहा महिने खाटेवरच्या म्हातारीसाठी का मानत नाही? मागे राहिलेल्या एका बाईला शिकवून, हंगामाचा पगार देऊन, वस्तीवरची अशी चार-पाच घरं बघायला सांगता येईल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी उसामागे टनाला पैसे घेण्याचं ठरलेलं आहेच. त्यातला एक वाटा इकडे वळवा.

वडील गेले. त्यानंतर वस्तीवर कुणाच्या अंगावरून वारं गेलं की आई जाते. चहा नंतर, आधी चादर उचलून कमरेखाली हात घालते, आणि बहुतेक वेळा तिच्या हाताला चुंबळ लागते. गेल्या हंगामात टोळीबरोबर निघालेल्या एका शेजाऱ्याने जाताना सांगितलं, "काकू, मायकडं रोज दोनदा जावा," आणि पायलीभर ज्वारी ओट्यावर ठेवली. आईने ती दोन दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी दळायला नेली.