स्टॅम्प पेपरवरचा काडीमोड

पलटणीत हरयाणा, बिहार, राजस्थान, महाराष्ट्र असे सगळीकडचे जवान असतात. बोली वेगळ्या, पण लग्न मोडलं की अनेकांच्या खिशातून निघणारा कागद एकच: शंभराचा स्टॅम्प पेपर, दोघांच्या सह्या, पंचांची नावं आणि नोटरीचा शिक्का. "साहब, तलाक हो गया." माझं उत्तर ठरलेलं असतं: झालेला नाही.

हिंदू विवाह कायदा 1955 नुसार घटस्फोट देतं ते न्यायालय. नोटरी सह्या खऱ्या असल्याचं सांगतो, लग्न मोडत नाही. कलम 29 मध्ये रूढीने होणाऱ्या काडीमोडाला जागा आहे हे खरं. पण ती रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली आहे, हे वाद झाला की कोर्टात सिद्ध करावं लागतं. अनुसूचित जमातींना हा कायदा सरसकट लागू नाही. बाकीच्यांनी मात्र 'आमच्यात असंच चालतं' यावर विसंबू नये.

कारण त्याच कागदाच्या भरवशावर जवान दुसरं लग्न करतो. पहिलं कायम असल्याने दुसरं कायद्याने शून्य ठरतं. द्विविवाहाला सात वर्षांपर्यंत कैद आहे, नोकरीवरही गदा येते. उद्या त्याचं बरंवाईट झालं, तर फॅमिली पेन्शनच्या वेळी दुसरी बाई कडेवर मूल घेऊन उभी राहते आणि कागदोपत्री ती कुणीच नसते. मुलाला कलम 16 वैध मानतं, तिला नाही. पहिलीचे हालही कमी नाहीत. सही करून ती मोकळी झालेली नसते आणि पोटगीचा हुकूमही हाती नसतो.

सरळ वाट कलम 13-ब ची आहे: परस्परसंमती. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं आणि दोघांनी मिळून अर्ज करावा. अर्जानंतरची सहा महिन्यांची थांबणूक योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. फौजीने एक लक्षात ठेवावं: फील्ड पोस्टिंगमुळे दूर असणं म्हणजे वेगळं राहणं नव्हे. पती-पत्नी म्हणून नांदणं थांबलेलं असावं लागतं. आणि हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं.

समेटाचा प्रयत्न जरूर व्हावा. गावच्या वडीलधाऱ्यांनी करावा, आम्ही अधिकाऱ्यांनीही करावा. पण जुळत नाही हे दिसल्यावर 'बघू पुढच्या सुट्टीत' म्हणत वर्षं घालवणं हा समेट नव्हे, टाळाटाळ आहे. तिच्यातूनच तो स्टॅम्प पेपर जन्माला येतो. लग्नासाठी आपण जवानाला सुट्टी देतो, तशीच कोर्टाच्या तारखेलाही द्यावी. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आली की पार्ट टू ऑर्डर निघते, कागदपत्रं दुरुस्त होतात आणि दोन माणसं खरोखर मोकळी होतात.