‘पुढचा भाग कधी?’

कादंबरी संपते, पण वाचकाचे मन त्या घरातून पाय काढायला तयार नसते. ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न गोष्टीइतकाच जुना आहे. राजा-राणी सुखाने नांदू लागले असे आजीने सांगितले, तरी नातवंडे ‘मग?’ म्हणून विचारतातच. बदलला आहे तो हा प्रश्न पोचण्याचा मार्ग. पूर्वी वाचकाचे पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर जाई आणि काही दिवसांनी लेखकाच्या हाती पडे. आज पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्या लेखकाचा फोन क्रमांक बहुधा पुस्तकातच छापलेला असतो. रात्री अकरा वाजता पुस्तक मिटले की अकरा वाजून पाच मिनिटांनी विचारणा हजर: पुढचा भाग कधी?

ही विचारणा म्हणजे कौतुकच आहे. पण तिच्यात एक पेचही आहे, आणि तो सर्वाधिक जाणवतो तो पाठीशी प्रकाशक नसलेल्या लेखकाला. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेचे माणिकपूर डोळ्यांसमोर आणा. २००९ मध्ये नवघर-माणिकपूर नगरपरिषद जाऊन वसई-विरार महानगरपालिका आली. वाडीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. अशा वस्तीतला लेखक दिवसाचे तीन तास लोकलमध्ये घालवून उरलेल्या वेळात लिहितो. दोन-तीन वर्षांतून त्याच्या हातून एक कादंबरी होते. ती जुन्या पात्रांना द्यायची की नव्या, हा निर्णय त्याच्या दृष्टीने लहान नाही.

व्यवहार पाहू. समजा, पहिल्या कादंबरीच्या पाचशे प्रती छापल्या आणि तीनशे खपल्या. उत्तरार्ध काढला तर गिऱ्हाईक ठाऊक असते, शिवाय पलंगाखालच्या दोनशे प्रतींनाही पुन्हा मागणी येण्याची आशा असते. नव्या कादंबरीला मात्र वाचक पहिल्यापासून शोधावा लागतो. तेव्हा उत्तरार्धच शहाणपणाचा वाटतो. पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे. दुसरा भाग सहसा तोच घेतो, ज्याने पहिला वाचला आहे. तिसऱ्या भागाला त्यातलेही काही गळतात. दरवाजा प्रत्येक भागागणिक अरुंद होत जातो. नव्या पुस्तकाचा दरवाजा सर्वांना उघडा असतो. त्यातून कोणी येईल याची हमी तेवढी नसते.

आपल्याकडच्या मोठ्या लेखकांनी हा पेच कसा सोडवला? भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली आणि पांडुरंग सांगवीकर एका पिढीचा सोबती झाला. दुसरा कोणी असता तर त्याने सांगवीकरालाच पुढे चालवले असते. नेमाड्यांनी बारा वर्षांनी, १९७५ मध्ये, ‘बिढार’ दिली ती चांगदेव पाटील या नव्या नायकाची. पुढे ‘हूल’, ‘जरीला’ आणि १९७९ मध्ये ‘झूल’ अशी चार पुस्तके त्याच चांगदेवाची झाली. म्हणजे त्यांना पुढच्या भागांचे वावडे नव्हते. जुन्या यशाचे बोट धरून चालायचे मात्र त्यांनी टाळले.

श्री. ना. पेंडसे यांची वाट वेगळी. ‘गारंबीचा बापू’ १९५२ मधला. त्यानंतर ‘रथचक्र’ झाले, मुंबईच्या जीवनावरची ‘ऑक्टोपस’ झाली, ‘तुंबाडचे खोत’चे दोन खंड झाले, आणि मग १९९३ मध्ये ‘गारंबीची राधा’ आली. जुन्या गावी परतायला त्यांनी चार दशके घेतली, तीही राधेच्या नावाने. लेखक स्वतःच्या ओढीने मागे वळतो तेव्हा त्या वळण्याला अर्थ असतो.

आणि खुद्द वसईचे उदाहरण हवे असेल तर वीणा गवाणकर यांचे घ्या. त्या कादंबरीकार नव्हेत, चरित्रकार. पण प्रश्न तोच. ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये आले आणि घराघरांत पोचले. त्यांनी पुढे आयडा स्कडर, सलीम अली, लीझ माइटनर, रोझलिंड फ्रँकलिन अशी निरनिराळ्या क्षेत्रांतली माणसे निवडली. वसईच्याच रॉबी डिसिल्वा या कलावंताचेही चरित्र लिहिले. वाचकाला ओळखीचा आवाज मिळाला, विषय मात्र दरवेळी नवा.

वाचक नेहमी चुकतो असे मात्र नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी मोकळे व्हावे म्हणून कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला दरीत लोटले. वाचक खवळले. अखेर १९०३ मध्ये होम्सला परत आणावे लागले. आज जगाच्या ओठी होम्स आहे. त्या ऐतिहासिक कादंबऱ्या फार थोडे वाचतात. त्याच्या बळाची जागा वाचकांनी त्याच्याआधी ओळखली होती.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. होम्स, बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ही मालिकेची माणसे. प्रत्येक पुस्तकात एक प्रकरण सुरू होते आणि मिटते. तेथे ‘आणखी एक’ म्हणण्याने काही बिघडत नाही. पण जिची सारी ताकद शेवटात आहे, त्या कादंबरीचा पुढचा भाग मागणे म्हणजे तो शेवट पुसून टाका म्हणणे. ताटातुटीवर संपलेल्या कथेत नायक-नायिकेची भेट घडवली, तर आधी डोळ्यांत आलेले पाणी फुकटच गेले म्हणायचे!

म्हणून लेखकाने विचारणा ऐकावी, पण हुकूम म्हणून नव्हे. त्या पात्रांविषयी आपल्याला स्वतःला काही नवे सापडले आहे का, एवढा एकच प्रश्न त्याने स्वतःला विचारावा. सापडले असेल तर जरूर लिहावे. नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे आणि नव्या कामाला लागावे.

आणि वाचकांनी? आपल्याला आवडले ते त्या पात्रांचे नशीब नव्हे, ती पात्रे घडवणारी नजर होती. ती नजर नव्या पुस्तकातही असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आपल्याला अभिमान वाटला. पण भाषा जगते ती नव्या पुस्तकांवर. तेव्हा आवडत्या लेखकाला ‘पुढचा भाग कधी?’ असे अवश्य विचारावे; मात्र त्याआधी त्याचे नवे पुस्तक विकत घेऊन वाचलेले असावे.