‘ग्रहणात काय चिरलं होतंस?’

पन्हाळा तालुक्यात काय किंवा कोल्हापूर शहरात काय, तान्ह्या बाळाच्या गालावर लाल डाग दिसला की बाळंतिणीला हा प्रश्न ठरलेला. विचारणारी बहुतेक वेळा घरातलीच असते. डाग बाळाच्या तोंडावर आणि आरोपी आई! मग ती बिचारी बाळाला टोपडं ओढून, पदराआड घेऊन बसते. अंगणवाडीत न्यायला लाजते. माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न नुसता खोटा नाही, तो उपचाराचे दिवस खातो.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, इस्लामपूरला, २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणात एका गरोदर बाईने अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांसमोर मुद्दाम भाजी चिरली. असं धाडस आपल्या बाबासाहेबांच्या घरांत तर सहज व्हायला हवं. पण पंचशील म्हणणाऱ्या घरातही ग्रहणाच्या दिवशी विळी उचलून ठेवतात, हे आपण सगळे जाणतो.

डाग होतो तो कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे. त्याच्या मुख्य दोन जाती ओळखाव्यात. एक, हिमॅन्जिओमा. हा जन्मताना बहुधा नसतो किंवा पुसट असतो; दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतो आणि स्ट्रॉबेरीसारखा फुगतो. शंभरातल्या चार-पाच बाळांना तो होतो, मुलींना आणि कमी दिवसांच्या बाळांना जास्त. त्याची बहुतेक वाढ पहिल्या पाच महिन्यांत होते, पुढे काही वर्षांत तो ओसरतो. म्हणून ‘आपोआप जाईल’ हे आजीचं बोलणं पुष्कळदा खरं ठरतं. पण डोळ्याजवळ असेल तर पापणी झाकली जाऊन नजर कायमची अधू होऊ शकते. ओठावर असेल तर जखम होते, बाळाला पिता येत नाही. दुसरी जात म्हणजे जन्मापासूनचा सपाट, गुलाबी-जांभळा डाग. तो जात नाही, वयाबरोबर गडद होतो. कपाळावर आणि पापणीवर असेल तर डोळ्याची तपासणी करायलाच हवी आणि फिट आली तर लगेच दवाखाना गाठावा. थांबायचं की नाही हे डॉक्टरने ठरवावं, आणि तेही बाळ महिन्याचं व्हायच्या आत दाखवून.

हिमॅन्जिओमावरचं आजचं औषध योगायोगाने सापडलं. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात हृदयाच्या त्रासासाठी एका बाळाला प्रोप्रॅनोलॉल दिलं, तर दुसऱ्याच दिवशी त्याचा डाग मऊ पडला. २००८ साली ते जगासमोर आलं. हे औषध निदान सहा महिने, कधी वाढदिवस उलटून जाईपर्यंत चालतं. ते दूध किंवा खाणं पोटात गेल्यावरच द्यायचं. बाळ खात-पीत नसेल, उलट्या होत असतील तर तो डोस द्यायचा नाही, नाहीतर रक्तातली साखर घसरते. छाती घरघरली तर डॉक्टरांना कळवायचं. चुकलेला डोस दुप्पट करून भरून काढायचा नाही. शेजारणीच्या बाळाची बाटली तर मुळीच आणायची नाही.

सपाट डागाला लेझर लागतो, आणि तोही अनेक खेपा. प्रत्येक खेपेनंतर आठ-दहा दिवस तोंड काळंनिळं दिसतं. एसटीत बायका विचारतात, ‘कुणी मारलं पोराला?’ त्या दिवसांत हळद, राख, काजळ काही लावू नका. उन्हात टोपी घाला. खर्चाचं आधी सीपीआरमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. अंगणवाडीत तपासणीला येणारं बालस्वास्थ्य पथकही पुढची चिठ्ठी देतं.

दीड-दोन वर्षांचं पोर दवाखान्याचा वास ओळखतं, दारातच लोळण घेतं. त्याला ‘काही दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका. ‘थोडं चटकेल, मी धरून बसते’ म्हणा. घरी ‘रडलास तर डॉक्टर सुई टोचेल’ ही धमकी तर बंदच करा. आणि पोराला धरायला बाप हवा. पन्हाळ्याहून कोल्हापूर वीसेक किलोमीटर; एक हजेरी बुडते, खरं आहे. पण ती दर वेळी आईचीच का बुडावी?

याच वयात, दीड वर्षाच्या आसपास, पोर आरशातलं तोंड आपलंच आहे हे ओळखू लागतं. नेमकं तेव्हाच गल्लीत त्याला ‘लाल्या’ किंवा ‘डागी’ म्हणून हाक पडते. माणसाला नाव सोडून खुणेने ओळखण्याचा त्रास काय असतो, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. डाग कमी व्हायला महिने जातील, कदाचित पुरता जाणारही नाही. हाक मात्र आज बदलता येते. गल्लीतली मोठी माणसं नावाने बोलावू लागली की पोरंही तसंच बोलावतात.