सरड्याच्या लाळेतले औषध आणि वजनाचे इंजेक्शन

2025 मध्ये आधी ‘मौंजारो’ आणि मग ‘वेगोव्ही’ भारतात आले, तेव्हापासून वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चौकशी दवाखान्यात सतत होते. वेगोव्हीतील सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च 2026 पर्यंतचीच. त्यानंतर इतर कंपन्यांना वाट मोकळी. औषध स्वस्त होणे चांगलेच. पण घेण्याआधी ते कसे काम करते, हे समजून घ्या.

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-1 हे हार्मोन स्रवते. ते इन्सुलिन वाढवते, जठर सावकाश रिकामे होऊ देते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देते. मात्र शरीरातले एक एन्झाइम ते काही मिनिटांतच निकामी करते.

1992 च्या सुमारास अमेरिकेतील डॉ. जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत एक्झेंडिन-4 सापडले. काम जीएलपी-1 सारखेच, पण ते त्या एन्झाइमला सहजी दाद देत नाही. त्याची प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिकृती, एक्झेनाटाइड, 2005 मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झाली. जीएलपी-1 चा परिणाम टिकवता येतो, हे त्यातून दिसले.

मग या इंजेक्शनात सरड्याचे विष असते का?
नाही. सेमाग्लुटाइड हे माणसाच्याच हार्मोनमध्ये बदल करून बनवलेले औषध आहे. त्याची रक्तातली पातळी निम्मी व्हायला सुमारे एक आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकच इंजेक्शन पुरते.

हा टिकाऊपणा दुधारी आहे. मळमळ, उलट्या किंवा बद्धकोष्ठता सुरू झाली, तर गोळीसारखे ‘आज बंद, उद्या बरे’ होत नाही. म्हणूनच डोस कमी ठेवून हळूहळू वाढवतात. ओळखीच्या माणसाचा डोस पाहून स्वतः ठरवू नका.

डॉक्टरांना आधी हे सांगा
- तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेता का? साखर फार उतरू शकते.
- स्वादुपिंडाची सूज किंवा पित्ताशयात खडे झाले होते का?
- तुम्हाला किंवा घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झाला आहे का?
- गर्भधारणेचा विचार आहे का?
- शस्त्रक्रिया ठरली आहे का? भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही कळवा.

पोटात असह्य दुखून कळ पाठीत जात असेल, तर पुढचा डोस न घेता लगेच रुग्णालय गाठा.

औषध थांबवल्यावर बहुतेकांचे वजन पुन्हा वाढते. त्यामुळे किती काळ घ्यायचे, खर्च किती, आहार-व्यायाम कसा, हे पहिल्या इंजेक्शनाआधीच विचारा.