गवताची मारबत आणि जिवंत बाई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या गोरेगाव तालुक्यातील कोणत्याही खेड्यात जाऊन उभे राहावे. तांबडे फुटण्यापूर्वीच पोरेबाळे उठलेली असतात. आदल्या दिवशी दारात लावलेल्या पळसाच्या डहाळ्या उचलून ती शिवेकडे धावतात. खोकला, ताप, मच्छर, ढेकूण, गावातील सारी रोगराई घेऊन जा, अशी मारबतीस हाक देतात. आमच्याकडे कोणी तिला मारबत म्हणतो, कोणी नारबोद. शिवेबाहेर तिला टाकून अथवा जाळून मंडळी घरी परततात. लहानपणी आम्हीही असेच घसा फुटेपर्यंत ओरडलो आहो.

चार बुके शिकलेली काही मंडळी या चालीस हसतात. आम्ही हसत नाही. पोळा येतो श्रावणी अमावस्येस. त्या वेळी रोवणी नुकतीच उरकलेली असते, बांध्या पाण्याने भरलेल्या असतात, बोड्या व तलाव काठोकाठ असतात आणि घरोघरी कोणी ना कोणी तापाने कण्हत असतो. अशा नेमक्या दिवसांत आमच्या वाडवडिलांनी गावाचे शत्रू मोजले आणि त्यांत मच्छराचे नाव घातले. मच्छराने हिवताप येतो हे त्यांस ठाऊक होते, असे आम्ही म्हणत नाही. ते 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या डॉक्टरास डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले, तेव्हा जगाला कळले. परंतु आपला त्रास ओळखावा, त्यास नाव द्यावे, एक बाहुली करून तिच्यावर तो लादावा आणि साऱ्या गावाने मिळून ती शिवेबाहेर न्यावी, यात मनास बळ येते ही गोष्ट खरी आहे.

ही चाल केवळ आमचीच नव्हे. युरोपात पोलंड देशातील शेतकरी हिवाळा सरताना गवताची बाहुली करतात, तिला बाईचे कपडे नेसवतात, गावभर मिरवतात आणि पेटवून नदीत बुडवतात. तिचे नाव मार्झान्ना. थंडी, रोग आणि मरण ही तिच्याबरोबर जातात, अशी समजूत. परतताना मागे वळून पाहावयाचे नाही, असाही नेम आहे. 1420 साली पोझ्नान येथील धर्मसभेने ही चाल बंद पाडण्याचा हुकूम पाद्र्यांस दिला. पण गावकऱ्यांनी ती सोडली नाही, आजही शाळेतील मुले ती पाळतात. स्वित्झर्लंडात झुरिक शहरी सुतार, लोहार, शिंपी, चांभार यांच्या नावाने चालत आलेल्या जुन्या कारागीर पंचायती वसंतात मिरवणूक काढतात आणि हिवाळ्याचा बर्फाचा माणूस म्हणून एक मोठा पुतळा चितेवर जाळतात. त्याचे डोके दारू भरलेले असते. ते लवकर फुटले तर उन्हाळा चांगला जाणार, असे म्हणतात. बोली वेगळी, धर्म वेगळा, परंतु कष्टकऱ्याचे मन एकच!

येथपर्यंत सारे गोडच आहे. पण वाचकहो, एक प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षे सतावीत आहे. पीडा तर मच्छराची, थंडीची, उपासमारीची. मग जळते ते रूप कोणाचे?

नागपूरचेच पाहा. तेथील काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते, असे सांगतात. त्यांच्यासोबत बडगे निघतात; महागाई, लाचलुचपत अशा चालू दुखण्यांचे ते पुतळे असतात, आणि गरिबाला राज्यकर्त्यांवर उघड बोलण्याची ती एक जागा आहे. पण काळी मारबत कोण? कोणी म्हणतात पूतना. कोणी म्हणतात भोसल्यांच्या घरातील बाकाबाई, कारण त्यांनी इंग्रजांशी संधान बांधले. आता नागपूरचे राज्य 1854 साली खालसा केले कोणी? लॉर्ड डलहौसीने. त्याच्यामागे कंपनीच्या तोफा होत्या. परंतु लोकांच्या तोंडी डलहौसी जळत नाही, राजघराण्यातील एक विधवा जळते. होळीत होलिका, पोळ्यात पूतना, पोलंडात मार्झान्ना. बाहुली करावयाची म्हटली की तिला लुगडे नेसवावयाचे, हे हातास इतके सवयीचे होऊन बसले आहे की त्याचा कोणास विचारही येत नाही.

जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहून आम्हांस एक गोष्ट शिकविली. कथा कानी आली की ती सांगणारा कोण आणि तीत मारला जाणारा कोण, हे आधी विचारावे. म्हणूनच वामनाने पाताळात घातलेला बळी हा आमच्या आयाबहिणींच्या ओवाळण्यात राजा म्हणून जिवंत राहिला, आणि केरळातील लोक ओणमास त्याच बळीच्या स्वागतासाठी दारात फुले मांडतात. म्हणूनच आमच्या गोंड बांधवांपैकी अनेकजण रावणाचा पुतळा जाळू नका, असे सांगतात. एकाचा राक्षस तो दुसऱ्याचा पूर्वज असू शकतो. हाच प्रश्न मारबतीसही विचारला पाहिजे.

आम्ही तो फार उशिरा विचारला. आमच्या लहानपणी आळीच्या टोकास एक म्हातारी विधवा राहत असे. तिला झाडपाल्याची माहिती होती. पोटदुखीस, विंचवास लोक तिच्याचकडे धावत. एके वर्षी पावसाळ्यात आळीतील दोन लेकरे तापाने गेली. कोणी काही उघड बोलले नाही. पण त्या वर्षी मारबतीच्या पहाटे पोरांचा घोळका तिच्या दारासमोर थांबला आणि तेथे नेहमीपेक्षा मोठ्याने हाक दिली. त्या घोळक्यात आम्हीही होतो. आतून कडी लावल्याचा आवाज आला, तो आम्ही अजून विसरलो नाही. दिवाळीपूर्वी ती बाई भावाच्या गावी निघून गेली, ती परत आली नाही. तिच्या घरामागे एक खड्डा पाण्याने भरून सडत होता. त्याकडे मात्र कोणाचेही लक्ष गेले नाही.

गवताच्या बाहुलीपासून जिवंत बाईपर्यंत अंतर किती? स्वित्झर्लंडाने ते मोजून दाखविले आहे. झुरिकहून फार दूर नसलेल्या ग्लारुस येथे अन्ना गोल्डी नावाची एक मोलकरीण होती. धन्याच्या मुलीच्या दुधात तिने मंत्राने सुया घातल्या, असा आळ तिच्यावर आला. छळ करून तिच्याकडून कबुली घेतली आणि 1782 साली तिचे डोके उडविले. ती निर्दोष होती, असे ग्लारुसच्या कायदेमंडळाने जाहीर केले 2008 साली, म्हणजे 226 वर्षांनी! आणि असा आळ येतो तो बहुधा कोणावर? मोलकरणीवर, विधवेवर, जिला भाऊ नाही, शेत नाही, बोलणारे कोणी नाही अशीवर. सावकाराच्या घरात कोणास चेटकीण सापडल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

आमच्या राज्यात आता याविरुद्ध कायदा आहे. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अमुक बाई करणी करते असे म्हणून तिला छळणे हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. तक्रार पोलीस ठाण्यात करावयाची आहे. ज्या बाईवर आळ आला ती एकटी ठाण्यापर्यंत जाऊ शकत नाही. तिच्याबरोबर शेजाऱ्याने गेले पाहिजे.

मारबत बंद करा, असे आम्ही सांगत नाही. पोझ्नानच्या पाद्र्यांस जे साधले नाही ते करावयाची आमची इच्छाही नाही. आमचे म्हणणे एवढेच की पळसाची डहाळी ही डहाळीच राहू द्या. तिच्यावर कोणत्याही बाईचे नाव लिहू नका. बाहुली करावयाचीच तर मच्छराची करा, तुंबलेल्या नालीची करा, दवाखान्याच्या बंद दाराची करा. पहाटे शिवेवरून परत आल्यावर त्याच हातांनी घराभोवतीचे डबके बुजवा, आठवड्यातून एक दिवस रांजण-टाकी रिकामी करून कोरडी ठेवा, कारण डासाची अंडी पाण्यात पडल्यापासून आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आणि घरी लेकरास ताप आला तर भगताच्या ओट्यावर रात्र काढू नका, रक्त तपासून घ्या.

आणखी एक. ज्या आळीत एकटी म्हातारी राहत असेल, तेथे त्या दिवशी पोरांना ओरडत नेऊ नका. शिवेवरून परतताना तिच्या दारी थांबा आणि काय हवे-नको ते विचारा. आम्ही ते केले नाही. आमच्या वाचकांनी तरी करावे.