कॅरम बोर्ड भिंतीवर टांगायची वस्तू नव्हे



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे आणि बसले आहे ती भांडायलाच. ज्याच्याशी भांडण आहे तो माझा भाचा हे सगळं वाचतो. म्हणून फोनवर अर्धवट राहिलेलं इथे पूर्ण करते. तुम्ही पंच व्हा.

झालं असं की, भाच्याने खालापूरकडे शनिवार-रविवारसाठी घर बांधलं. छान बांधलंय, मी पाहून आले. आता दिवाणखान्याच्या भिंतीसाठी त्याला आमच्या कर्जतच्या घरातला बापूंचा कॅरम बोर्ड हवा आहे. खेळायला नव्हे! कोणा कारागिराकडून त्यावर पारदर्शक रेझिनचा काचेसारखा थर ओतून घ्यायचा, कडेने पितळी पट्टी मारायची, वर दोन दिवे सोडायचे आणि टांगायचा. म्हणतो, "आत्या, आळीतली पोरं रोज त्यावर ठोकाठोक करतात. किती झिजलाय बघ. आजोबांची वस्तू आहे, जपायला नको का?"

जपायला हवीच की. पण जपणं कशाला म्हणायचं, यावरच तर सगळा वाद आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. बोर्ड खेळून जेवढा झिजतो, त्याच्या कितीतरी पट न खेळता खराब होतो. निदान आमच्या कर्जत-खालापूरच्या हवेत तरी नक्की.

आधी बोर्ड म्हणजे काय ते बघा. चारी बाजूंना जड लाकडाची चौकट, शिसवीची नाहीतर बाभळीची. मध्ये प्लायवूडची फळी, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले. त्यावर रेघा आणि वर्तुळं, आणि त्या सगळ्यावर लॅकरचा पातळ हात. खेळताना झिजतो तो हा वरचा हात. तो पुन्हा देता येतो. पण प्लायने ओल धरली, पापुद्रे सुटले, फळी मधून फुगली, की तिथे कोणाचंच काही चालत नाही. आणि ओल धरते कधी? बोर्ड कपाटामागे भिंतीला टेकून महिनोन्महिने उभा असतो तेव्हा! जून ते सप्टेंबर आमच्या भिंतींना घाम फुटतो, हे कर्जतकरांना सांगायला नको. वर "खराब होऊ नये" म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असला की झालंच. आतली ओल आत, बुरशीची सोय उत्तम.

ऐकीव सांगत नाही. मी नोकरीला असताना एका शाळेत दोन नवे कोरे बोर्ड आले होते. मुलं खराब करतील म्हणून ते कपाटात गेले. तपासणीच्या दिवशी बाहेर काढायचे, टेबलावर मांडायचे, साहेब गेले की पुन्हा आत. मी दोनतीनदा मागितले, तर "बाई, रजिस्टरला नोंद आहे, तुटले तर कोण भरणार?" हे उत्तर. शेवटी एका उन्हाळ्यात कपाट हलवलं, तेव्हा खालच्या बोर्डाची अर्धी फळी वाळवीने खाल्लेली होती आणि वरचा ढोलकीसारखा फुगलेला. त्यावर एका मुलानेही एक सोंगटी मारली नव्हती. ती मुलं आता पन्नाशीची झाली असतील. बोर्ड गेल्याचं मला फारसं दुःख नाही. त्यांची चार वर्षांची मधली सुट्टी गेली, ती कोण भरून देणार?

आता भाच्याचा मोठा मुद्दा. तो काही वर्षं अमेरिकेत होता. तिथल्या त्याच्या एका मित्राच्या तळघरात पिनबॉलचं यंत्र आहे, मीही तिकडे गेले असताना ते पाहिलं आहे. काचेखाली उतरतं मैदान, त्यावर पोलादी गोळी धावते आणि खालच्या दोन दांड्यांनी ती पुन्हा वर उडवायची. तेही मैदान प्लायवूडचंच, त्यावर रंगीत चित्रं. गोळी जवळजवळ ८० ग्रॅमची, तीच तीच वाट धरून धावते, त्यामुळे रंग उडतो. म्हणून ते लोक मैदानावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक बसवतात, नाहीतर जाड लॅकर देतात, वर मेण घासतात. "बघ, तिकडे लोक किती जपतात," हे भाच्याचं पालुपद.

अरे बाबा, पण तू अर्धंच पाहिलंस! तो मित्र यंत्र उघडून आधी धूळ पुसतो. गोळीला चरा पडला की गोळी बदलतो, कारण चरा पडलेली गोळी मैदानाला कानशीसारखी खाते. आणि हे सगळं केल्यावर तो काय करतो? खेळतो! तो मैदान झाकतो ते खेळता यावं म्हणून. तू झाकणार आहेस ते कोणी खेळू नये म्हणून. दोन्हीला 'जपणं' हा एकच शब्द कसा चालेल?

शिवाय तिथली युक्ती इथे लागूच पडत नाही. गोळी घरंगळते, तिचा मैदानाला एक ठिपका टेकतो. सोंगटी आणि स्ट्रायकर अख्ख्या बुडाने घसरतात. स्पर्धेच्या नियमांत बोर्डाच्या गुळगुळीतपणाची कसोटीच आहे : १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने मारला, तर त्याने समोरासमोरच्या चौकटींमध्ये निदान साडेतीन फेऱ्या केल्या पाहिजेत. रेझिनच्या थरावर पावसाळ्यात तो किती धावेल, ते मारूनच बघ. आणि एकाच बाजूने थर दिलेली फळी मागच्या बाजूने ओल पीतच राहते. एक बाजू बंद, एक उघडी, मग ती वाकणार नाही तर काय होईल? भिंतीवर टांगून दुसऱ्याच पावसाळ्यात तुझा तो देखावा पापडासारखा वळेल.

आता खेळणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. झीज होते, आणि त्यातली बरीचशी आपल्या अडाणीपणाने होते.

पहिला गुन्हा पावडरीचा. बोरिक पावडरीचे कण पापुद्र्यासारखे असतात, पत्त्यांच्या कॅटातल्या पानांसारखे एकमेकांवरून सरकतात. म्हणून चिमूटभर पुरते. आमची मंडळी वड्यावर पीठ घालावं तशी घालतात! जास्तीची पावडर कोपऱ्यांत आणि भोकांच्या कडांना साठते, हाताच्या घामात कालवली जाते आणि तिचा चिखल होतो. पावडर संपली म्हणून तांदळाचं पीठ टाकलं तर मुंग्या येतात, अंगाची सुगंधी पावडर टाकली तर चिकटा. खडूचा चुरा तर नकोच, त्यात खर असते. (हे शिक्षिका सांगते आहे, खडूचा तीस वर्षांचा अनुभव आहे.) आणि बोरिक पोटात जाणं वाईट, झुरळं मारायला वापरतात ते उगाच नाही. डबा लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, खेळून झाल्यावर हात धुवा, मगच खायला बसा.

दुसरा गुन्हा धुळीचा. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे बांधकामं, खडी, डंपर यांना सुमार नाही. त्या धुळीत दगडाचा बारीक कण असतो. न पुसलेल्या बोर्डावर सोंगटी मारणं म्हणजे पॉलिश पेपर घासणं. बापूंचा नियम होता, खेळाआधी पुसायचं, खेळानंतर पुसायचं, जुन्या धोतराच्या कोरड्या फडक्याने. ओलं फडकं नाही, खोबरेल नाही, रॉकेल नाही. तेलाचा हात लावला की पावडर बसलीच म्हणून समजा. सोंगट्यांची बुडंसुद्धा पुसायची, हे तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

तिसरा गुन्हा स्ट्रायकरचा. कडेवरून नख फिरवा. कुठे अडकलं, तर तो स्ट्रायकर कितीही लाडका असला तरी टाकून द्या. अंगठ्या काढून ठेवा. मी काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून खेळायचे. एकदा विसरले, तर बापूंनी माझी पाळी काढून घेतली होती. आणि बोर्डावर भाजी निवडणं, इस्त्री करणं, गणपतीत नैवेद्याची ताटं मांडणं, हे करणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

चौथी गोष्ट उजेडाची. पूर्वी बोर्डावर बुटका दिवा टांगलेला असे, साठ नाहीतर शंभर वॅटचा. तो नुसता उजेड देत नसे, फळी कोरडीही ठेवत असे. २०१५ साली उजाला योजना आली, घरोघरी एलईडी लागले, वीज वाचली, चांगलंच झालं. पण एलईडीला ती ऊब नाही. पावसाळ्यात खेळाआधी अर्धा तास मी अजूनही जुना साठचा दिवा लावते. उन्हात मात्र बोर्ड कधी ठेवू नये, फळी तडकते आणि वाकते. एरवी बोर्ड बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून लाकडाच्या ठोकळ्यांवर उचललेला, वर सुती चादर. संपलं. याला ना रेझिन लागतं, ना कारागीर.

आता शेवटचं, आणि हे भाच्याला ठाऊक नाही, कारण तेव्हा तो इथे नव्हता.

बापूंनी हा बोर्ड १९६२ साली मुंबईहून, धोबी तलावच्या दुकानातून आणला. गाडीच्या लगेजच्या डब्यातून, स्वतः शेजारी उभे राहून. बापू १९९४ साली गेले. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी ठरवलं की त्यांची आठवण आहे, आता कोणी खेळायचं नाही. बोर्ड प्लॅस्टिकमध्ये बांधून कपाटामागे ठेवला. असा अकरा वर्षं 'जपला'. मग २६ जुलै २००५ला उल्हास नदीचं पाणी घरात आलं. आम्ही धान्य, कागदपत्रं, गाद्या यांच्या मागे. बोर्डाची आठवण झाली ती आठ दिवसांनी. प्लॅस्टिक सोडलं, तर आत साचलेलं पाणी वाहून गेलं. फळीचे पापुद्रे पोथीच्या पानांसारखे सुटले होते. मी तिथेच बसून रडले होते.

चौकट मात्र शाबूत होती. सुताराने तिच्यात नवी फळी बसवून दिली, रेघा मारल्या, लॅकर दिलं. त्या दिवाळीत मी बोर्ड ओट्यावर मांडला आणि आळीतल्या पोरांना हाक मारली. तेव्हापासून तो बंद झालेला नाही.

म्हणजे भाचेबुवा, ज्या फळीवर तुम्ही रेझिन ओतणार आहात ती आजोबांनी कधी पाहिलेलीही नाही! त्यांची फळी आपण जपून जपून मारली. आज जी झिजलेली दिसते, ती वीस वर्षं रोज खेळून झिजली आहे आणि अजून सपाट आहे. लॅकर उडालं तर आणखी एक हात देऊ. फळी गेली तर फळी बदलू. बापूंचं जे शिल्लक आहे ते दोनच गोष्टींत. एक ती चौकट, आणि दुसरी खेळाआधी फडकं मारायची सवय. ती सवय आता आळीतल्या सहावीतल्या पोरीला आहे. तिने माझ्या देखत एका मोठ्या मुलाला "आधी पूस" म्हणून दटावलं, तेव्हा मला बापूच बोलल्यासारखे वाटले. ती भिंतीवर कशी टांगणार?

तर माझ्या अटी सांगते. बोर्ड खालापूरला न्यायचा तर घेऊन जा, माझी ना नाही. पण पाच दिवस कुलपात राहणाऱ्या घरात तो ओट्यावर राहील आणि घराची राखण करणाऱ्या कुटुंबातली मुलं त्यावर रोज खेळतील. पावसाळ्यात दिवा लागेल. तू आलास की आधी फडकं मारशील, आणि मग मला फोन न करता माझ्याशी खेळायला गाडी काढून मला घेऊन जाशील. हे जमत असेल तर ये. नसेल, तर भिंतीसाठी एखादं चित्र विकत घे.

पंचांनो, निकाल द्या. तुमच्या घरातला बोर्ड कुठे आहे, तेही आज बघाच. कपाटामागे असेल तर काढा. एखादी सोंगटी हरवलेली असेलच. शर्टाचं बटण चालतं.

ता. क. : भाच्याचा फोन आला होता. "आत्या, साठचा दिवा हल्ली कुठे मिळतो?" असं विचारत होता. निम्मी लढाई जिंकले म्हणायची.