पाण्याचे नाते आणि रक्ताचे नाते

2025 च्या मे महिन्यात पोप लिओ चौदावे ह्यांची निवड करणाऱ्या कार्डिनलांमध्ये नायजेरियाचे कार्डिनल पीटर एबेरे ओकपालेके हेही होते. ज्यांनी ख्रिस्तसभेच्या सर्वोच्च पदासाठी मतदान केले, त्यांना काही वर्षांपूर्वी स्वतःच्या धर्मप्रांताने मात्र स्वीकारले नव्हते. 7 डिसेंबर 2012 रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी त्यांची नेमणूक आग्नेय नायजेरियातील अहियारा धर्मप्रांताचे बिशप म्हणून केली. तेथील अनेक धर्मगुरूंनी आणि प्रापंचिकांनी ह्या नेमणुकीला कडाडून विरोध केला. 21 मे 2013 रोजी त्यांचा दीक्षाविधी धर्मप्रांताबाहेर, ओवेरी महाधर्मप्रांतातील एका सेमिनरीत करावा लागला.

ह्या विरोधाच्या मुळाशी श्रद्धेचा कोणताही वाद नव्हता. बिशप आणि भाविक दोघेही इग्बो, दोघांची भाषा एक, उपासना एक. मात्र अहियारा धर्मप्रांत म्हणजे म्बाइसे लोकांची भूमी आणि नवे बिशप होते अनांब्रा राज्यातील. ज्या भूमीने ख्रिस्तसभेला शेकडो धर्मगुरू दिले, तिला आपल्यातील एकही माणूस बिशपपदासाठी लायक मिळू नये काय, असा म्बाइसे लोकांचा सवाल होता. जून 2017 मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी तेथील प्रत्येक धर्मगुरूला तीस दिवसांच्या आत क्षमायाचनेचे व आज्ञापालनाचे पत्र लिहिण्यास फर्माविले. पत्रे गेली, तरी तिढा सुटला नाही. अखेर 19 फेब्रुवारी 2018 रोजी बिशप ओकपालेके ह्यांचा राजीनामा मंजूर झाला. 2020 साली ते नव्या एक्वुलोबिया धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले आणि 2022 साली कार्डिनल.

हा पेच एका नेमणुकीपुरता मर्यादित नाही. इग्बो समाजात ख्रिस्तसभा ज्या रीतीने रुजली, त्या रीतीतच त्याची मुळे आहेत. अनांब्रा नदीकाठच्या अगुलेरी ह्या धर्मग्रामाचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते.

5 डिसेंबर 1885 रोजी फादर जोसेफ लुट्झ आणि त्यांचे सहकारी नायजर नदीवरील ओनित्शा येथे उतरले. तेथून लवकरच त्यांची दृष्टी अगुलेरीकडे वळली. 1891 साली अगुलेरीचे प्रमुख इदिगो ह्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला. त्या काळी नवख्रिस्ती कुटुंबांची वेगळी वस्ती, म्हणजे ‘ख्रिस्ती गाव’ वसविण्याची पद्धत होती. जुन्या चालीरीतींपासून श्रद्धेचे रक्षण व्हावे हा त्यामागील हेतू. पण त्यामुळे ख्रिस्ती माणूस आपल्या कुळापासून तुटत असे.

1905 साली मिशनची सूत्रे हाती घेतलेल्या फादर जोसेफ शॅनाहन ह्यांनी ही दिशा बदलली. माणसांना गावाबाहेर काढण्याऐवजी त्यांनी गावातच शाळा नेली. गावाने जागा द्यावी, श्रम द्यावेत, आणि मिशनने शिक्षक द्यावा. शेजारच्या गावात शाळा झाली की आपल्याही गावात ती हवी, अशी चढाओढ लागली. ख्रिस्तसभा अशा रीतीने कुळाच्या अंगणात पोहोचली. ह्या यशाची दुसरी बाजू मात्र पुढे दिसू लागली. कुळाने चर्चला आपले मानले, त्याबरोबर चर्च हे आपल्याच मालकीचे असेही मानले.

धन्यवादित सिप्रियन मायकल इवेने तान्सी हे ह्याच अगुलेरीचे सुपुत्र. 1903 साली जन्मलेला हा मुलगा तेथील ख्रिस्ती गावात वाढला, पुढे संत योसेफ शाळेचा मुख्याध्यापक झाला आणि 19 डिसेंबर 1937 रोजी त्याला गुरुदीक्षा मिळाली. त्यांची सेवा मात्र बहुतांशी परक्या गावांत घडली. प्रथम न्नेवी, 1939 पासून दुनुकोफिया, त्यानंतर अक्पू. स्वतःच्या अगुलेरीत ते 1949 साली आले आणि पुढच्याच वर्षी मठवासी होण्यासाठी इंग्लंडला गेले. 20 जानेवारी 1964 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

दुनुकोफियाच्या लोकांना हा धर्मगुरू बाहेरचाच होता. त्यांच्यासाठी तो पायी आणि सायकलवरून खेडोपाडी फिरला. ज्या ‘शापित’ रानाच्या भयाने लोक ग्रासले होते, ते भय त्याने मोडून काढले. विवाहाच्या उंबरठ्यावरील मुलींच्या शिक्षणाची व्यवस्था केली. 1941 साली एझिओवेले गावच्या एका नऊ वर्षांच्या मुलाला त्याने बाप्तिस्मा दिला. तो मुलगा म्हणजे आजचे कार्डिनल फ्रान्सिस अरिंझे. दिवाळीनिमित्त हिंदू बांधवांना शुभेच्छा-संदेश पाठविण्याची व्हॅटिकनची प्रथा त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली, म्हणून आपल्याकडेही ते परिचित आहेत. ‘आमच्याच गावचा धर्मगुरू हवा’ असा हट्ट दुनुकोफियाने धरला असता, तर हा बाप्तिस्मा कोणाच्या हातून झाला असता?

1994 साली रोम येथे आफ्रिकेच्या बिशपांची सिनड भरली. त्याच आठवड्यांत बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या रवांडात नरसंहार चालू होता. बाप्तिस्म्याच्या पाण्यापेक्षा कुटुंबाचे रक्त अधिक दाट ठरते, ही व्यथा त्या सिनडमध्ये मांडणारे बिशप आल्बर्ट ओबिएफुना हे इग्बोच होते. त्यांचे बोल पुढच्याच वर्षी त्यांच्या परिसरात खरे ठरले. 1995 साली अगुलेरी आणि शेजारचे उमुलेरी ह्यांच्यात ओतुओचाच्या जमिनीवरून रक्तपात झाला. 22 मार्च 1998 रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ओनित्शाजवळ ओबा येथे फादर तान्सी ह्यांना धन्यवादित घोषित केले आणि समेटाचे आवाहन केले. तरीही 1999 साली पुन्हा आग भडकली. ह्या दोन्ही गावांत एरी ह्या एकाच पूर्वजापासून उत्पत्ती सांगितली जाते. जमिनीपुढे रक्ताचे नातेही टिकले नाही. 2000 साली समेट झाला, तो दोन्ही बाजूंनी थकून, बोलणी करून आणि काही सोडून देऊन.

म्बाइसे लोकांची तक्रार पूर्णतः निराधार होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बिशप निवडताना स्थानिक धर्मगुरूंचे व प्रापंचिकांचे म्हणणे मनापासून ऐकले जावे, ही मागणी रास्तच आहे. स्थानिक नेतृत्वासाठीच तर 1930 साली जॉन क्रॉस अन्योगू हे इग्बो धर्मगुरू घडविले गेले. परंतु ‘आमचे म्हणणे ऐका’ ह्या मागणीचे रूपांतर ‘आमच्या रक्ताचा नसेल तर तो आमचा मेंढपाळ नव्हे’ ह्या अटीत झाले, की गाडी रुळावरून घसरते. श्रद्धा मातीत रुजली पाहिजे, हे शॅनाहन ह्यांनी ओळखले. पण ज्या मातीत ती रुजली, तिच्या कुंपणापलीकडेही तिच्या फांद्या गेल्या पाहिजेत.

धन्यवादित तान्सी ह्यांचा सण दरवर्षी 20 जानेवारीला येतो. ज्यांनी त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यापैकी बहुतेक त्यांच्या गावचे नव्हते. धर्मग्राम कोणाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या नोंदवहीत आहे. तेथे नाव लिहिले जाते ते कुळाच्या हक्काने नव्हे, तर पाण्याच्या आणि आत्म्याच्या जन्माने.